पायलट कच्ची काढायची की पिकू द्यायची?

…नाही, पण मी म्हणतो, एका विमानात चढायला इतके दरवाजे कशाला ठेवायचे? बारावीनंतर एनडीए, ग्रॅज्युएशननंतर सीडीएस, शिवाय ॲफकॅट, शिवाय एनसीसीवाल्यांची वेगळी एन्ट्री, पुन्हा नेव्हीचं विमान निराळं, कोस्ट गार्डचं निराळं… अहो, बोर्डीहून डहाणूला जायला एसटी नाहीतर रिक्षा, दोनच गोष्टी, तरी आमची माणसं अर्धा तास नाक्यावर वाद घालत उभी असतात! आणि आमची रिया, एकुलती एक, बारावीचा शेवटचा पेपर देऊन आली, चपला काढायच्या आधी म्हणते, "बाबा, मी फायटर पायलट होणार, फॉर्म भरायचाय." म्हटलं, भर बाई. तुम्हाला सांगतो, मी बागायतदार माणूस, आपल्याला बाकी काही नाही, चिकूतलं तेवढं कळतं!

पण आमचा मेव्हणा दीपेश! डहाणूला झेरॉक्सचं दुकान, तिथं भरतीचे फॉर्म भरून देतो, म्हणजे सैन्य याच्याच विचारानं चालतं. आला तो लॅमिनेशन केलेला चार्ट घेऊन. "भावोजी, यात एक मशीनची टेस्ट असते, पायलट होणार की नाही ते तिथंच ठरतं, आणि ती जन्मात एकदाच देता येते! नापास झालात की विमान कायमचं बंद!" जन्मात एकदाच! असं मी आजवर लग्नाबद्दलच ऐकलं होतं, आणि त्यात मी पास की नापास हे सोनल, म्हणजे आमची मंडळी, अजून सांगत नाही.

मग म्हणे पायाची लांबी! नव्व्याण्णव सेंटिमीटरच्या वर पाहिजे नि एकशेवीसच्या आत. झालं! आणली टेप, बसवलं सगळ्यांना भिंतीला टेकून. निघालं काय, तर रिया बसते, सोनल बसते, आमच्या बागेत काम करणारा तलासरीचा लाहू, तोसुद्धा बसतो… मीच बसत नाही! आता मला कोण बसवणार होतं विमानात? पण वाईट वाटलं हो.

सोनलचं वेगळंच. "मला ते काही कळत नाय. ज्यात रोज संध्याकाळी घरी येता येतं, ती लाइन बघा. अख्खं डहाणू अप-डाऊन करतं, हिलाच काय झालं?" फायटर विमानानं अप-डाऊन! डबा घेऊन!

त्यात दौलत टपकला. धाकट्या डहाणूचा बोटवाला, माझा जुना दोस्त. पापलेट हातात ठेवलं नि म्हणतो, "पोरीला कोस्ट गार्डमध्येच घाल! दर्यात आमचं इंजिन बंद पडलं ना, तर वरून हेलिकॉप्टर येतं. ओळखीचं माणूस असलं म्हणजे आधी माझी बोट बघंल." म्हटलं, ती काय तुझ्या घरची रिक्षा आहे? तर म्हणतो, "मग मी दर वेळेला पापलेट काय उगाच देतो?" बोला! पण आपण काय बोलणार, आपल्याला चिकूतलं तेवढं कळतं!

आता माझं मत… मी ते कुणावर लादत नाही, फक्त दिवसातून सात-आठ वेळा सांगत होतो. ॲफकॅट, ती ग्रॅज्युएशननंतरची एअरफोर्सची परीक्षा! घाई काय आहे? इथंच कॉलेज कर, राहा चार वर्षं घरी, जरा पिकू दे, मग जा. कच्चं फळ काढून काय उपयोग? सतरा वर्षांची पोर एनडीएत, खडकवासल्याला, पहाटे उठणार? इथं सकाळी तिला तीन हाका मारतो मी, आणि चौथ्या हाकेला चहा घेऊन जातो. मी जातो, सोनल नाही. तिथं कोण चहा नेणार, कर्नल?

तर एनडीएच्या फॉर्मचा शेवटचा दिवस. सहाला साइट बंद. बागेत दिल्लीची गाडी उभी, लाहू क्रेट भरतोय, दीपेश चार्ट घेऊन झाडाखाली, आणि रियाचा ओटीपी आला… माझ्या फोनवर! मी फोन खिशात टाकला. म्हटलं, आधी माझं ऐक.

भांडली असती तर बरं झालं असतं. ती भांडली नाही. क्रेटमधला एक चिकू उचलला, मी शिकवलंय तसं नखानं जरासं खरवडून बघितलं. "बाबा, हा कुठं चाललाय?"

"दिल्लीला."

"पिकलाय?"

"छे! दगड आहे दगड. लांबचा माल कडकच काढायचा असतो, वाटेत पिकतो."

"आणि झाडावरच पिकू दिला तर?"

आता गप्प बसावं ना माणसानं? पण चिकूचा विषय निघाला की माझी जीभ माझी नसते हो! "झाडावर पिकला तर वटवाघळं नेतात!" असा ठसक्यात बोललो… आणि मग मलाच ऐकू आलं, मी काय बोललो ते.

लाहू एवढा हसला की क्रेट सुटलं त्याच्या हातातून. "शेठ, आता पोरीलाबी गाडीत भरू काय?" दीपेश चार्टमध्ये बघत होता, वटवाघळं कुठल्या एन्ट्रीत येतात ते! रिया मात्र हसली नाही. नुसता हात पुढे केला. सहाला चार मिनिटं कमी.

दिला ओटीपी. सहा आकडे, पण वाचताना मी दोनदा चुकलो. ती म्हणाली, "पोचले की फोन करीन, बाबा." अहो, अजून परीक्षा व्हायचीय, इंटरव्ह्यू व्हायचाय, ती जन्मात एकदाची मशीन व्हायचीय! पण ती जाणार. माल माझ्या बागेतला आहे, मी ओळखतो.

लोक म्हणतात, तुम्हाला चिकूतलं फार कळतं. कळतं ना! तेवढं कळत नसतं, तर पोरगी अजून चार वर्षं घरी राहिली असती.