टेपमधला माणूस

तुम्ही लोक फोनवर आईबापाचं बोलणं भरून ठेवता, बरं करता. पण आमच्या बाबांचं काय झालं ते ऐका. साठ-बासष्ट सालची, अकोल्यातली गोष्ट. घरात मायबाबांचा एकच फोटो, त्यातही दोघं खांबासारखे उभे. थोरला भाऊ म्हणाला, "चेहरे राहतील, पण आवाजाचं काय?" त्यानं मित्राचा टेपरेकॉर्डर मागून आणला आणि कोणाला न सांगता दुपारभर चालू ठेवला.

संध्याकाळी सगळ्यांना बसवून टेप लावली. आत एक माणूस ओरडत होता, "पानी आन म्हनलं ना! बहिरी झाली काय?"

बाबांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "कोन होय हा? बायकोवर किती खेकसून राहिला! घरचं वळण नाही काय याले?"

आम्ही पोरं जमिनीकडे पाहायला लागलो. माय म्हणाली, "तुमीच होय."

"मी असा बोलतो?"

"आज तर कमीच बोलले," असं म्हणून माय उठली आणि स्वयंपाकघरात गेली.

बाबा भावाला म्हणाले, "ते पुसून टाक. नवीन भर." भावानं पुसलं काहीच नाही, नुसती टेप पुढे चालू केली. बाबांनी घसा खाकरला आणि आम्ही कधी ऐकला नव्हता अशा मऊ आवाजात म्हणाले, "अवो, जरासं पानी देता काय?"

आतून माय ओरडली, "कोन आलं रे पोरांनो? पावन्याले बसाले सांगा, मी च्या मांडते!"