परतीच्या वेळेचा रकाना

टेस्टिंगच्या गोष्टी तुम्ही मला सांगूच नका. हर्णैच्या मच्छीमार सोसायटीसाठी मी प्रोग्राम लिहिला होता. बोट निघायच्या आधी तिची माहिती एक्सएमएलमध्ये सरकारी सर्व्हरला पाठवायची, तिकडून होकार आला की बोट सुटणार. रत्नागिरीत ऑफिसात बसून शंभरदा चालवला, एकदाही अडला नाही.

पहिल्याच सकाळी सोसायटीच्या खिडकीवर आले दामूकाका, एका बोटीचे तांडेल, म्हणजे कप्तान. बोटीचं नाव, नंबर, माणसं किती, सगळं भराभर सांगितलं. मी विचारलं, "आणि परत कधी येणार?"

काकांचा चेहराच बदलला. "निघणाऱ्याला असं विचारतात काय रे? घरात कोणी शिकवलं नाय तुला?"

मी रकाना रिकामा ठेवून पाठवलं. सर्व्हरचं उत्तर आलं, परतीची वेळ नाही, माहिती नामंजूर. पुन्हा पाठवलं, पुन्हा तेच. ओहोटी लागायला आलेली, मागे आठ तांडेल उभे, आणि वेळ सांगायला एकजण तोंड उघडेल तर शपथ!

तेवढ्यात काकांचा डबा घेऊन आलेल्या काकी पुढे झाल्या. "त्यांना कशाला विचारतोस? वाट मी बघते ना! लिही, शुक्रवारी सकाळी नऊ."

लिहिलं. सर्व्हरने पटकन मंजूर केलं. मागच्या आठही जणांनी लगेच घरी फोन लावले.

शुक्रवारी खिडकी उघडतोय, तर काका समोर उभे, ओल्या कपड्यांत.

"तुझ्या त्या सर्व्हरला कळव. ती नऊ म्हणाली होती, मी साडेआठलाच आलोय."