आबांचा ट्रेलर

महापेच्या स्टॉपवर माझ्यापुढे भाऊ-बहीण बसची वाट बघत होते.

"दादा, आबांच्या ट्रक गेममध्ये वरून टाकलेल्या गाड्यांचा, मॉड्सचा नुसता पसारा झाला होता. आवरायला मी छोटी शेल स्क्रिप्ट लिहिली, दोन वर्षांहून जुनं ते डिलीट."

"मग?"

"आबांचा ट्रेलर पण गेला रे. तू बनवलेला, त्यांच्या खऱ्या गाडीच्याच नंबरचा."

"कॉपी?"

"नाहीये. तुझ्याकडे असेल ना?"

"लॅपटॉप बदलला तेव्हाच गेली. अगं, सहा वाजले की ते स्क्रीनसमोर ड्युटीला बसतात!"

"माहितीय. म्हणून तर तुला विचारतेय. सांगू काय?"

"गाडी गॅरेजला टाकलीय म्हण."

"खरी विकली तेव्हाही आपण हेच सांगितलं होतं. अजून विचारतात, झालं का काम?"