सतरा नंबरजवळ कसं जायचं

(हायडेलबर्ग. ऑक्टोबरातली रविवार दुपार, स्वयंपाकघर. ऊर्मिला जंगलातल्या युरोपियन गव्यांच्या कळपावर डॉक्टरेट करते. यशवंतराव तिचे सासरे, नवरा हृषिकेशचे वडील, कोल्हापूरकडचे निवृत्त वनाधिकारी, तीन महिन्यांसाठी आलेले. टेबलावर लॅपटॉप उघडा आहे.)

यशवंतराव: मार्च नको. मार्चमध्ये पोट किती महिन्यांचं असतंय त्या सतरा नंबरच्या गायीचं?

ऊर्मिला: सहा-सात. पण बाबा, मार्चमध्ये झाडांवर पान नसतं. लांबून स्वच्छ दिसते.

यशवंतराव: दिसतीय म्हणून मारायची?

ऊर्मिला: मारायची हे ठरलंय. मला फक्त दोन गोष्टी विचारल्यात. महिना कुठला, आणि तिच्याजवळ कसं पोचायचं. उद्या सकाळी बेहोर्डेत, म्हणजे सरकारी ऑफिसात, फॉर्म गेला पाहिजे.

यशवंतराव: ह्या देशात जनावराला मरायलाबी फॉर्म लागतोय. काय शब्द लिहिलाय तो, वाच परत.

ऊर्मिला: एंटनामे. काढून घेणं.

यशवंतराव: काढून घेणं! झाडावरचा आंबा काढल्यागत. आम्ही सरळ 'ठार करणे' लिहीत होतो.

ऊर्मिला: मग तुम्हीच सांगा ना महिना. तीस वर्षं गव्यांच्यात काढलीत.

यशवंतराव: तुमच्या गव्यांचं सांग आधी. वासरू कधी होतंय?

ऊर्मिला: मे-जूनमध्ये. सतरा नंबरला ह्या मेमध्ये झालं. अजून पितंय. सप्टेंबरात त्या माजावर येतात, तेव्हा बैल हटत नाही जवळून. मग थंडी सुरू झाली की सगळ्या गाभण.

यशवंतराव: म्हणजे कुठल्याबी महिन्यात तिच्या पोटात नाहीतर मागं, कोण ना कोण असणारच.

ऊर्मिला: हो. मी कालपासून तेच बघत बसलेय. चांगला महिना नाहीच आहे.

यशवंतराव: कुंपणात नेऊन ठेवा की मग. एवढा श्रीमंत देश.

ऊर्मिला: विचारलं. तीन ठिकाणी विचारलं. तिच्यामुळे माणूस मेलाय म्हटल्यावर कुणी घेत नाही तिला.

यशवंतराव: बरं. दुसरं काय विचारलंय, जवळ कसं जायचं?

ऊर्मिला: चौकोन दिलेत. पायी, गाडीतून, मचाणावरून, इतर. मी मचाणावर खूण केलीय. म्हणजे शिकारी वर बसणार, सव्वाशे मीटर अंतर, ती चरायला उघड्यावर येणार. एक गोळी.

यशवंतराव: आणि तू?

ऊर्मिला: मी कशाला तिथे? मी इथे, घरी.

यशवंतराव: हं.

ऊर्मिला: हं काय, बाबा?

यशवंतराव: काही नाही. चहा टाकू का?

ऊर्मिला: अहो, बोला ना. तुमचं 'हं' मला माहितीय. हृषिकेशपण तसंच करतो.

यशवंतराव: आमच्या रेंजमध्ये एक गवा शेताकडच्या चरात पडला होता. पाय मोडलेला. वरनं ऑर्डर आली, बंदूकवालाबी लांबनंच आणला. त्यो म्हणाला, जवळ जाणार नाही, बांधावरनंच मारतो. मी हो म्हटलं. मलाबी जवळनं बघायचं नव्हतं, खरं सांगायचं तर. तीन गोळ्या लागल्या, तरी उठला. चराचा काठ मोडून तसल्या पायानं जंगलात गेला. दोन दिवस रक्त टाकत हिंडला. माग काढायला दत्तात्रयला पाठवलं, आमचा गार्ड. झाडीत त्याच्या अंगावरच आला त्यो. मीच निरोप घेऊन गेलो त्याच्या घरी.

ऊर्मिला: हे कधी सांगितलं नाहीत तुम्ही.

यशवंतराव: सांगण्यासारखं काय हाय त्यात? तुला एवढंच सांगतो, आपल्या मनाला कमी त्रास कुठनं होईल ते बघून जागा ठरवू नये. तिला कमी कुठनं होईल ते बघावं. दहा पावलांवरनं एक गोळी, खाली बघून चरत असताना. कळायच्या आत. पण ती येतीय का दहा पावलांवर?

ऊर्मिला: तुम्ही चहा टाकणार होता ना?

यशवंतराव: ऊर्मिला? येतीय का?

ऊर्मिला: येते.

यशवंतराव: चाऱ्याच्या गाडीला?

ऊर्मिला: नाही. हाकेला.

यशवंतराव: कुणाच्या हाकेला?

ऊर्मिला: माझ्या. पहिल्या हिवाळ्यात तिच्या गळ्यातला रेडिओ पट्टा बंद पडला. बॅटरी गेली. दिवसदिवस शोधत फिरायचे, सापडायची नाही. एकदा वैतागून सांगलीला आमच्या गोठ्यात मारायचो तशी हाक मारली. ये ये ये. आणि बाबा, ती आली. माझ्याकडे सफरचंद होतं, ते दिलं. मग रोजच. सक्त मनाई आहे इथे, रानातल्या जनावराला माणसाची सवय लावायची नाही. मला माहीत होतं. पण तेव्हा हृषिकेश नोकरीला दुसऱ्या शहरात, कार्ल्सरूहेला, मी एकटी. अख्ख्या दिवसात माझ्या तोंडून मराठी निघायचं ते तेवढंच.

यशवंतराव: कुणाला सांगितलंयस?

ऊर्मिला: कुणालाच नाही. हृषिकेशलाही नाही. अजून पुढचं ऐका. तो म्हातारा गेला ना, त्यानं हॉस्पिटलमध्ये जबाब दिला होता. माझ्याकडे आलाय तो, वाचते. "गाय रस्त्यावर उभी होती. तिला हुसकावायला मी ओरडलो, हे, हे, हे. ती पळण्याऐवजी सरळ माझ्याकडे आली. मी आणखी मोठ्यानं ओरडलो. ती आणखी जवळ आली. मग मी काठी मारली."

यशवंतराव: हे, हे.

ऊर्मिला: हो. इथे तसंच हुसकावतात.

यशवंतराव: आणि तिला ऐकू आलं, ये ये.

ऊर्मिला: ती सफरचंद घ्यायला गेली होती हो बाबा! तो काठी मारतोय नाकावर, आणि मागे वासरू. काय करणार ती? सगळे म्हणतात माथेफिरू जनावर आहे. माथेफिरू नाहीये ती. मी शिकवलं तिला. तो माणूस माझ्यामुळे गेला, आणि तीही माझ्यामुळे जाणार.

यशवंतराव: रडून घे. मी बसलोय.

ऊर्मिला: बाबा, मी हे लिहिलं तर जीव वाचेल का तिचा?

यशवंतराव: तूच सांग. इथं कोण कोण 'हे' म्हणतंय?

ऊर्मिला: सगळेच. कुत्र्याला, पोरांना, ओळखीचं कुणी दिसलं तरी.

यशवंतराव: मग नाही वाचायची. ती जाणार त्या प्रत्येकाकडं. पुढच्या खेपेला पोरगं असंल एखादं.

ऊर्मिला: मग लिहून काय मिळणार? माझी डॉक्टरेट जाईल. केससुद्धा होईल कदाचित.

यशवंतराव: होईल. मी नाही होणार म्हणत नाही. पण त्या म्हाताऱ्याची बायको हाय का?

ऊर्मिला: आहे. तिनं विचारलंय पत्रात, ते जवळ गेले होते का, त्यांनी छेडलं होतं का गायीला. पेपरात तसं आलंय, म्हाताऱ्याचीच चूक म्हणून.

यशवंतराव: दत्तात्रयच्या बायकोला मी सांगितलं, त्यो न विचारता पुढं गेला. मीच पाठवलंवतं. ती अजून सणाला फोन करती मला, साहेब बरे आहात का म्हणून. एकोणीस वर्षं झाली.

ऊर्मिला: म्हणजे मी लिहायचं.

यशवंतराव: मचाणाची खूण काढ.

ऊर्मिला: काढली.

यशवंतराव: महिना जानेवारी. बर्फ पडल्यावर. वासरू आठ महिन्यांचं होतंय, कळपात तरेल. पोटातलं... त्याला इलाज नाही. तेवढं आपल्या माथी घ्यायचं.

ऊर्मिला: जानेवारी. आणि 'इतर'वर खूण. पुढे एकच ओळ आहे लिहायला.

यशवंतराव: मावंल तेवढं लिही. उरलेलं दुसऱ्या कागदावर.

ऊर्मिला: "गाय हाकेला येते. ही सवय मी लावली. जबाबातला 'हे' तिला तीच हाक वाटला." बास?

यशवंतराव: बास.

ऊर्मिला: खाली विचारलंय, त्या वेळी कोण हजर राहणार. शिकाऱ्याला शिकवू का हाक? एकच तर अक्षर आहे.

यशवंतराव: शिकवशील?

ऊर्मिला: नाही. परक्या माणसानं नको. मीच जाते. लिहिलं माझं नाव.

यशवंतराव: त्याच्याखाली माझं लिही. तिकीट पुढं ढकलायला सांगतो हृषिकेशला.

ऊर्मिला: तुम्ही कशाला हो? त्या थंडीत, ह्या वयात?

यशवंतराव: ऐन वेळी तुझ्या तोंडातनं आवाज निघाला नाही, तर हाक कोण मारणार?