धुरकट छटा

शहरातले बिअरचे छोटे कारखाने दाखवत फिरणाऱ्या मिनीबसच्या ड्रायव्हरला घोटभरही चाखायची मुभा नव्हती, म्हणून तो आपली तहान कानांवर भागवायचा. दुसरा कारखाना मागे पडला आणि त्याच्या पाठच्या सीटवरचं जोडपं सुरू झालं.

“त्या पहिल्या बिअरची आंबूस चव कळली का तुला?”

“कळली की. परवाच्या भाजीला तश्शीच होती. तू ताट सरकवलंस.”

“अगं, ती भाजी आंबली होती. हिला आंबवलंय.”

“बरं. आणि ती काळी?”

“तिला धुरकट छटा आहे. गाईड म्हणाला ना!”

“करपट वास होता नुसता.”

“करपट नाही गं, धुरकट! त्याला जिभेला वळण असावं लागतं.”

“काल दूध जरा खाली लागलं, तेव्हा कुठे गेलं होतं वळण? घर डोक्यावर घेतलंस.”

“दुधाचं वेगळं. हे लोक मुद्दाम करतात. वर्षानुवर्षांची साधना असते त्यामागे.”

“कसली डोंबलाची साधना? गॅसवर ठेवायचं आणि तुझ्या आईंचा फोन घ्यायचा.”

समोर रस्ता मोकळा होता, तरी ड्रायव्हरने लांबलचक हॉर्न वाजवला.