खात्री नसेल तर हो म्हणा

मंडळी, सरांचे कॉलेजातले सहकारी, आणि समोर बसलेल्या सरांच्या पत्नी, आमच्या काकू,

मला बोलायला उभं केलंय, पण इथं बोलायचा हक्क सगळ्यात कमी मलाच आहे. का, ते सांगतो. मध्येच थांबलो तर थांबू द्या.

आपले भास्करसर गेले. ते इथं अहमदपुरात कॉलेजची संगणक लॅब सांभाळायचे. मी त्यांचा विद्यार्थी, आता कंधारला शाळेत शिकवतो. सर घरी बसून काय लिहायचे, हे तुमच्यातल्या निम्म्यांना माहीत नसेल. संगणक चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या गाभ्याला कर्नल म्हणतात. तो आपल्या यंत्राप्रमाणे बांधून घेताना ढीगभर प्रश्न विचारतो. हे हवं का? हो की नाही? प्रत्येक प्रश्नाखाली मदतीच्या दोन-चार ओळी असतात. आणि त्या कशा असतात? 'अमुक सोय हवी असेल तर अमुक सोय सुरू करा.' अरे, पण अमुक म्हणजे काय?

सर लई चिडायचे. "ह्याला मदत म्हणतेत! रस्ता इचारला तर गावाचंच नाव परत सांगतेत!"

शाळेतले जुने संगणक हलके चालावेत म्हणून मी एकदा कर्नल बांधायला घेतला. असल्याच ओळी वाचून एका प्रश्नाला नाही म्हणालो. झालं! एकाही संगणकाला स्वतःची डिस्क सापडेना. हेडमास्तर माझ्यावर उखडले. सर पहिल्या एसटीनं आले. मला एका शब्दानं बोलले नाहीत. म्हणाले, "चूक तुझी न्हाई. लिहिणाऱ्याची हाय. आता ते मी लिहितो."

सरांची रीत ठरलेली. आधी मराठीत लिहायचं, मग इंग्रजीत. "मराठीत सांगता येईना, ते इंग्रजीत झाकता येतं," म्हणायचे. मग दुसऱ्याला वाचायला द्यायचं आणि एवढंच विचारायचं, हो म्हणायचं का न्हाई? उत्तर आलं नाही, की कागद फाडायचा.

मागच्या महिन्यात सरांनी त्या डिस्कच्या ओळी मला पाठवल्या. मी परीक्षेच्या कामात होतो. न वाचताच कळवलं, 'छान आहे सर.' लगेच फोन आला. "छान सोड. हो म्हणायचं का न्हाई?"

मी गप्प. काय सांगणार?

सर म्हणाले, "म्हंजे माझंच लिहिणं कच्चं हाय."

वाचलं नाही सर, एवढंच बोलायचं होतं. मंडळी, तेवढं एक वाक्य माझ्या तोंडून निघालं नाही! लाज वाटते मला. काकू सांगतात, शेवटच्या आठवड्यात सर रोज लिहायचे आणि रोज फाडायचे.

काल मी तो पहिला मजकूर उघडला. ऐका. 'संगणक जुना असेल आणि इथं नाही म्हणालात, तर त्याला डिस्क सापडणार नाही. तुम्हाला वाटेल डिस्क बिघडली. ती बिघडलेली नसते. खात्री नसेल तर हो म्हणा.'

यात न कळण्यासारखं काय आहे? सांगा ना, काय आहे? काकूंनी कधी संगणकाला हात लावला नाही. बघा, त्यांनीसुद्धा मान डोलावली.

या मजकुराचं सरांनीच केलेलं इंग्रजी मी आजच कर्नल सांभाळणाऱ्या मंडळींकडे पाठवणार आहे. सरांच्या नावानं. एक अक्षर बदलणार नाही.

आता आपण सगळे उभे राहू आणि दोन मिनिटं शांत राहू. त्याआधी मला त्या फोनचं उत्तर द्यायचंय.

हो, सर. हो म्हणायचं.