रेडिएटरात ओतलेली काच

दि. ९ मे २०१६

मी शेख अय्युब शेख मोहसीन, वय ५१, धंदा ट्रॅक्टर मेकॅनिक, रा. जुनी वस्ती, बडनेरा, जि. अमरावती. मले कोणी बोलावलं नाही. स्वतः ठाण्यात येऊन सांगतो की,

उत्तमराव जुने ट्रॅक्टर घेऊन विकतात. त्यांचं काम माझ्याकडे असते. मार्चमध्ये आणलेल्या एका ट्रॅक्टरच्या हेडाले, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागाले, तडा होता. रेडिएटरचं पाणी आत झिरपे, इंजिन पाणी खाऊन राहिलं होतं. नवीन हेड महाग. उत्तमराव म्हणाले, "तूच पाह्य काय ते." एवढंच म्हणाले.

मी रेडिएटरमध्ये सिलिकेट ओतलं. त्यालेच वॉटर ग्लास म्हणतात. पाकावानी असते. साबणवाले साबणात घालतात, पुठ्ठ्याचे खोके चिकटवायलेही लागते. इंजिन तापलं की तड्यात त्याची काच बनते अन् गळती थांबते. महिना, फार तर दोन महिने. स्वतःची गाडी घरापर्यंत न्यायची असेल तर ठीक आहे. विकायच्या गाडीत टाकणं म्हणजे हरामखोरी.

१४ मार्चला शेंदूरजनाघाटच्या दुर्गाबाई ट्रॅक्टर पाहायले आल्या. त्यांची विहीर आटली होती, नदीवरून टँकर ओढून संत्रा जगवायचा होता. बाई पक्की. थंडं इंजिन चालू करायले लावलं, रेडिएटरचं झाकण उघडून बुडबुडे येतात का ते दहा मिनिटं पाहत उभी राहिली; तडा असला की येतात. आले नाहीत. मग मले विचारलं, "भाऊ, पाणी खाते का?" मी म्हटलं, "नाही खात, माय." त्या दिवशी खात नव्हता.

७ एप्रिलला भर दुपारी टँकर ओढताना इंजिन जाम झालं. रेडिएटर त्या सिलिकेटनं आतून पार चोंदलं होतं. दुसरा ट्रॅक्टर भेटेपर्यंत तीन आठवडे गेले. तीनशे झाडं वाळली. बारा-बारा वर्षांची होती.

तक्रार फक्त उत्तमरावांवर झाली. काल मी बगीच्यात गेलो. बाई मजुरांकडून झाडं तोडून घेत होती. मी विचारलं, "माहं नाव कावून नाही टाकलं?" ती म्हणाली, "दुकानदार त खोटं बोलतेच. तुमाले मी भाऊ म्हणून इचारलं होतं. हे पोलिसाले कोणत्या तोंडानं सांगू?" शिव्या दिल्या असत्या त बरं झालं असतं.

जबाब जमादारसाहेबांनी वाचून दाखवला. त्यात ‘मालकाच्या सांगण्यावरून’ असं लिहिलं होतं, ते मी खोडायले लावलं. सिलिकेट काय असते हे उत्तमरावले ठाऊकही नाही. बाकी मी बोललो तसंच आहे.

सही/- शेख अय्युब